पाणबुड्याचा श्वास आणि समुद्राचे मौन

समुद्राच्या पृष्ठभागावर लाटांचा कितीही गजर चालू असला, तरी त्याच्या पोटात मात्र निःशब्द शांतता नांदत असते, असा आपला सर्वसाधारण समज आहे. या समजाला एका प्रसिद्ध पुस्तकाच्या नावाचाही हातभार लागला आहे. फ्रेंच नौदलातील अधिकारी झाक-ईव्ह कुस्तो यांनी सागरतळावरील आपल्या अनुभवांचे जे पुस्तक १९५३ साली प्रसिद्ध केले, त्याचे नावच 'मौनी विश्व' अशा अर्थाचे होते. त्याच नावाचा त्यांचा चित्रपट १९५६ मध्ये कान येथील महोत्सवात सर्वोच्च पारितोषिकाचा मानकरी ठरला.

वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. समुद्रात मासे आवाज करतात, कोळंबीच्या काही जाती नांगी मिटून चुटकीसारखे आवाज काढतात, देवमासे आणि डॉल्फिन तर ध्वनीच्याच आधाराने जगतात. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. समुद्राच्या पाण्यात तो सुमारे १,५०० मीटर, म्हणजे चौपटीहून अधिक असतो. प्रकाश पाण्यात थोड्याच अंतरावर विरून जातो, ध्वनी मात्र दूरवर पोहोचतो. त्यामुळे जलचरांच्या जीवनात डोळ्यांइतकेच, किंबहुना पुष्कळदा डोळ्यांहून अधिक महत्त्व ऐकण्याला असते. अशा या जगात माणूस पाठीवर हवेची टाकी बांधून उतरतो, तेव्हा त्याच्या प्रत्येक उच्छ्वासाबरोबर बुडबुड्यांचा एक मोठा लोट खळखळत वर जातो. ज्या उपकरणाने माणसाला त्या मौनी विश्वाचे दार उघडून दिले, त्याच उपकरणाने तेथे एक नवा गलबलाही नेला.

हा आवाज कमी कसा करावा, हा प्रश्न केवळ हौशी जलपर्यटकांच्या सोयीचा नाही. समुद्रात मासे किती आहेत याची मोजणी, त्या मोजणीवर आधारलेले मासेमारीविषयक निर्णय, पाण्याखाली काम करणाऱ्या कामगारांची श्रवणशक्ती आणि सुरुंग निकामी करणाऱ्या जवानांचे प्राण, या सर्वांशी त्याचा निकटचा संबंध आहे. म्हणून त्याचा थोडा मुळापासून परामर्श घेणे उचित ठरेल.

उपकरणाची रचना

आज सर्वत्र रूढ असलेल्या श्वसन उपकरणाचा उगम १९४३ सालच्या फ्रान्समध्ये आहे. युद्धकाळात पेट्रोलची टंचाई असल्यामुळे मोटारी गॅसवर चालविण्याचे प्रयत्न सुरू होते. एमिल गान्यां या अभियंत्याने त्यासाठी गॅसचे नियमन करणारी एक झडप तयार केली होती. कुस्तो यांनी त्यांच्या सहकार्याने त्या झडपेचे रूपांतर पाणबुड्याला मागणीनुसार हवा पुरविणाऱ्या नियामकात केले. पाणबुड्याने श्वास ओढला की नियामकातील पातळ पडदा आत खेचला जातो, झडप उघडते आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा त्याच्या तोंडात येते. श्वास सोडला की ती हवा दुसऱ्या झडपेतून सरळ पाण्यात निघून जाते.

या पद्धतीला उघडी पद्धती म्हणतात. ती साधी आणि भरवशाची आहे, परंतु कमालीची उधळीही आहे. हे एका हिशेबावरून ध्यानात येईल. हलके काम करणाऱ्या माणसाला मिनिटाला सुमारे २० लिटर हवा लागते असे धरू. समुद्रात दर १० मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे २० मीटर खोलीवर एकूण दाब ३ वातावरणे होतो आणि तेथे त्याच माणसाला पृष्ठभागावरील मापाने मिनिटाला ६० लिटर हवा लागते. या ६० लिटरमध्ये प्राणवायू सुमारे साडेबारा लिटर असतो. शरीर त्यातील जेमतेम १ लिटर वापरते. उरलेला सर्व प्राणवायू, नायट्रोजनसह, बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर टाकला जातो. १२ लिटरच्या टाकीत २०० वातावरणांच्या दाबाने भरलेली २,४०० लिटर हवा या हिशेबाने ४० मिनिटांत संपते. मिनिटाला १५ श्वास धरले, तर एवढ्या वेळात बुडबुड्यांचे ६०० लोट पाण्यात सुटतात.

आवाजाची उगमस्थाने दोन आहेत. श्वास घेताना टाकीतील प्रचंड दाबाची हवा अरुंद झडपांतून जाते आणि सूं असा बारीक, उंच पट्टीचा आवाज होतो. श्वास सोडताना बुडबुडे तयार होतात, फुटतात, एकमेकांत मिसळतात आणि खळखळाट होतो. पहिला आवाज नियामकाचा, दुसरा बुडबुड्यांचा. जलचरांच्या दृष्टीने दुसरा अधिक महत्त्वाचा आहे.

बुडबुडा का वाजतो?

बुडबुडा म्हणजे पाण्यात अडकलेली हवा, एवढेच आपण समजतो. वास्तविक तो एक छोटासा वाजणारा गोलक आहे. त्यातील हवा स्प्रिंगप्रमाणे दबते आणि फुगते. भोवतालचे पाणी त्या स्प्रिंगला लावलेल्या वजनाचे काम करते. झडपेच्या तोंडापासून बुडबुडा तुटून वेगळा होतो त्या क्षणी त्याला जणू टिचकी बसते आणि तो क्षणभर आकुंचन-प्रसरण पावत स्वर काढतो. ओढ्याचे झुळझुळणे, घागर भरतानाचा आवाज, नळाखालच्या बादलीत टपटपणाऱ्या थेंबाचा नाद, या सर्वांच्या मागे हेच कंप पावणारे बुडबुडे आहेत.

मार्सेल मिनार्ट या शास्त्रज्ञाने १९३३ साली या स्वराचा नियम मांडला. बुडबुडा जितका मोठा, तितका त्याचा स्वर खालच्या पट्टीचा, असा तो थोडक्यात सांगता येईल. पृष्ठभागाजवळ २ मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा सेकंदाला सुमारे ३,२०० कंपने करतो, म्हणजेच त्याची कंप्रता सुमारे ३,२०० हर्ट्‌झ असते. व्यास १ सेंटिमीटर असेल तर ती सुमारे ६५० हर्ट्‌झवर येते आणि ४ सेंटिमीटरच्या बुडबुड्याची कंप्रता केवळ १६० हर्ट्‌झच्या आसपास राहते. खोलीबरोबर दाब वाढला की हवेची स्प्रिंग अधिक ताठ होते आणि स्वर चढतो. १० मीटरवर तो सुमारे १.४ पट होतो, तर ३० मीटरवर दुप्पट.

पाणबुड्याच्या तोंडाजवळील झडपेतून सुटणारे बुडबुडे लहान नसतात. कित्येक सेंटिमीटर रुंदीचे, छत्रीच्या आकाराचे मोठाले बुडबुडे बाहेर पडतात, त्यांचे तुकडे होतात आणि वर जाता जाता दाब कमी होत गेल्यामुळे ते पुन्हा फुगतात. १० मीटर खोलीवर सुटलेल्या हवेचे आकारमान पृष्ठभागापर्यंत पोहोचताना दुप्पट होते. परिणामी या आवाजाचा मोठा भाग खालच्या पट्टीत, काही शे हर्ट्‌झच्या परिसरात असतो.

मासे काय ऐकतात?

माशांना बाहेरून दिसणारे कान नसले, तरी डोक्याच्या आत श्रवणेंद्रिय असते. याशिवाय अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या पार्श्विक रेषेने त्यांना पाण्याची जवळची हालचाल जाणवते. समुद्रातील बहुसंख्य माशांची श्रवणशक्ती सुमारे १,००० हर्ट्‌झच्या खालच्या पट्टीत केंद्रित झालेली असते. रोहू, कटला यांच्या कुळातील गोड्या पाण्यातील मासे याला अपवाद आहेत. त्यांचे वाताशय लहान हाडांच्या साखळीने कानाशी जोडलेले असल्यामुळे ते आणखी वरच्या पट्टीतील आवाज ऐकू शकतात. डॉल्फिनची श्रवणमर्यादा तर १,००,००० हर्ट्‌झच्याही पलीकडे जाते.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. पाणबुड्याचे मोठे बुडबुडे ज्या पट्टीत वाजतात, नेमक्या त्याच पट्टीत बहुतेक सागरी मासे ऐकतात. दर चार सेकंदांनी उठणारा हा खळखळाट त्यांच्या दृष्टीने आगंतुकाच्या आगमनाची दवंडीच ठरतो. ऑस्ट्रियाचे सागर-छायाचित्रकार हान्स हास यांनी १९४२ साली एजियन समुद्रात बुडबुडे न सोडणारे प्राणवायूचे उपकरण वापरले व माशांच्या अगदी निकट जाऊन चित्रण केले. पुढे ध्वनिमापनाची साधने सुधारली. न्यूझीलंडमधील संशोधकांनी निरनिराळ्या श्वसन उपकरणांचे पाण्यातील आवाज प्रत्यक्ष मोजून २००५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. उघड्या पद्धतीचा आवाज मोठा असून तो माशांच्या श्रवणकक्षेत येतो, तर बंद पद्धतीची उपकरणे पुष्कळ शांत असतात, असे त्यांना आढळले. त्याच सुमारास अमेरिकेत बोस्टन विद्यापीठाचे फिलिप लोबेल यांनी, माशांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्यांनी निःशब्द उपकरणांकडे वळले पाहिजे, असे आग्रहाने मांडले.

ग्वाममधील मोजणी

हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही, हे पॅसिफिक महासागरातील ग्वाम बेटावरील एका अभ्यासाने दाखवून दिले. प्रवाळक्षेत्रातील मासे मोजण्याची रूढ रीत अशी: पाणबुडा ठरावीक लांबीची फीत तळावर अंथरतो आणि तिच्या दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या माशांची जात, संख्या व लांबी पाटीवर टिपतो. जगभर राखीव सागरी क्षेत्रांची उपयुक्तता याच रीतीने ठरविली जात आली आहे.

ग्वाममध्ये १९९७ साली राखीव क्षेत्रे घोषित झाली. त्यांबाहेरच्या भागात मात्र हवेची टाकी लावून भाल्याने मासे मारण्याची प्रथा दीर्घकाळ चालू होती. तेथे संशोधकांनी मोजणी दोन प्रकारे केली. एकदा नेहमीच्या उघड्या उपकरणाने आणि एकदा बुडबुडे न सोडणाऱ्या उपकरणाने. २०१४ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष उद्बोधक आहेत. राखीव क्षेत्रात दोन्ही मोजण्यांमध्ये फारसा फरक पडला नाही. परंतु जेथे मासेमारी जोराची होती तेथे शांत उपकरणाने केलेल्या मोजणीत माशांच्या जाती जवळजवळ दीडपट नोंदल्या गेल्या आणि माशांची एकूण संख्या तर काही ठिकाणी दुपटीहूनही अधिक भरली.

याचा अर्थ असा की, भाल्याची दहशत बसलेले मासे बुडबुड्यांचा आवाज ओळखून होते. तो कानी पडताच ते कपारीत शिरत किंवा दूर निघून जात. राखीव क्षेत्रातील माशांना या आवाजाशी संकटाचा संबंध जोडण्याचे कारण नव्हते, म्हणून ते जागचे हलत नसत. मोजणाऱ्याला मासे कमी दिसत याचे कारण ते नव्हते असे नाही. त्याची चाहूल लागताच ते दूर गेलेले असत.

या निष्कर्षाचे प्रशासकीय महत्त्व मोठे आहे. राखीव आणि खुल्या क्षेत्रांची तुलना करताना खुल्या क्षेत्रातील मासे प्रत्यक्षाहून कमी भरले, तर राखीव क्षेत्राचा लाभ प्रत्यक्षाहून मोठा दिसतो. या आकड्यांवर कोठे मासेमारी बंद करावयाची, किती काळ बंद ठेवावयाची, कोणत्या वस्तीच्या उपजीविकेवर मर्यादा घालावयाची, हे ठरत असते. आकडा चुकीचा असेल तर निर्णयाची किंमत मच्छीमाराला मोजावी लागते. उलट, राखीव क्षेत्रेच निरर्थक आहेत, असाही याचा अर्थ काढता येणार नाही. तेथील मासे निर्धास्त होते, ही बाब स्वतःच संरक्षणाची साक्ष आहे. चूक क्षेत्राच्या कल्पनेत नव्हती, मापाच्या साधनात होती. आणि साधनाची चूक साधन सुधारूनच दूर करावयाची असते.

आवाज कमी करण्याचे तीन मार्ग

बुडबुड्यांचा आवाज कमी करण्याचे मार्ग मुख्यतः तीन आहेत: बुडबुडे लहान करणे, ते दूर नेणे, अथवा ते मुळीच न सोडणे.

पहिल्या मार्गात बाहेर जाणारी हवा असंख्य बारीक छिद्रे असलेल्या नळीतून किंवा सच्छिद्र पदार्थातून सोडली जाते. ४ सेंटिमीटर व्यासाच्या एका बुडबुड्याइतक्या हवेचे २ मिलिमीटर व्यासाचे ८,००० बुडबुडे होतात. मिनार्टच्या नियमानुसार त्यांचा स्वर १६० हर्ट्‌झवरून ३,००० हर्ट्‌झच्या पलीकडे, म्हणजे बहुतेक सागरी माशांच्या श्रवणकक्षेबाहेर जातो. शिवाय मोठा बुडबुडा तुटताना होणारा डबडब आवाज टळतो. मात्र छिद्रे फार जवळजवळ असली तर बुडबुडे पुन्हा एकत्र येतात आणि सर्व खटाटोप व्यर्थ जातो. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. छिद्रे बारीक केली की श्वास सोडताना जोर लावावा लागतो. दीर्घकाळ असा जोर लावल्याने श्वसनाचे स्नायू थकतात, शरीरात कार्बन डाय-ऑक्साइड साचू लागतो, डोके दुखते आणि विचारशक्ती मंदावते. म्हणून छिद्रांचे एकूण क्षेत्रफळ पुरेसे मोठे ठेवणे अगत्याचे असते. घरगुती जोडकाम करून झडपेवर जाळी बसविणे हा त्यामुळे धोक्याचा खेळ होय.

दुसरा मार्ग बुडबुडे कानापासून व चेहऱ्यापासून दूर सोडण्याचा. कुस्तो यांच्या मूळ उपकरणात तोंडापासून दोन नळ्या पाठीवरील नियामकाकडे जात आणि हवा मानेमागे सुटे. त्यामुळे चेहऱ्यासमोर बुडबुडे येत नसत व छायाचित्रकारांना ते सोयीचे वाटे. परंतु येथेही भौतिकशास्त्राची एक अट आहे. पहिल्या चाचणीत कुस्तो यांना असे आढळले की, उभे राहिले की हवा सारखी वाहून वाया जाते आणि डोके खाली केले की श्वास घेणे जड होते. हवा बाहेर जाण्याचे तोंड आणि नियामक यांच्या पातळ्या वेगळ्या असल्याने तेथील पाण्याच्या दाबातही फरक पडत होता. अर्ध्या मीटरच्या फरकानेही श्वासोच्छ्वासावर परिणाम होतो. निर्गमझडप नियामकाच्या पडद्याशेजारी आणताच दोष नाहीसा झाला. नुसती नळी लांबवून आवाज दूर नेता येत नाही, हा धडा त्यातून मिळतो.

तिसरा मार्ग पुनर्श्वसन यंत्राचा. यात सोडलेली हवा बाहेर न टाकता एका पिशवीत घेतली जाते, सोडा-लाइमच्या डब्यातून नेऊन तिच्यातील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घेतला जातो, वापरला गेलेला प्राणवायू पुन्हा मिसळला जातो आणि तीच हवा श्वासासाठी परत येते. ही कल्पना उघड्या पद्धतीहून जुनी आहे. इंग्लंडमध्ये हेन्री फ्लूस यांनी १८७८ साली असे उपकरण तयार केले. सेव्हर्न नदीखालील बोगद्यात पाणी भरले, तेव्हा १८८० साली अलेक्झांडर लॅम्बर्ट या पाणबुड्याने ते लावून काळोखातून जाऊन बोगद्यातील दार बंद केले. दुसऱ्या महायुद्धात या निःशब्दतेचे लष्करी मोल सिद्ध झाले. डिसेंबर १९४१ मध्ये सहा इटालियन पाणबुड्यांनी अलेक्झांड्रिया बंदरात शिरून 'क्वीन एलिझाबेथ' आणि 'व्हॅलियंट' या ब्रिटिश युद्धनौकांना सुरुंग लावले. पृष्ठभागावर एकही बुडबुडा उमटला नाही. आवाजाने स्फोट पावणारे सुरुंग निकामी करणाऱ्यांना तर शांत उपकरण ही जीवनमरणाचीच गरज असते.

मात्र या मार्गाला जोखीमही तितकीच आहे. निव्वळ प्राणवायू सुमारे ६ मीटरखाली विषासारखा परिणाम करू लागतो आणि अचानक आकडी येऊ शकते. अधिक खोलीसाठी वायूंचे मिश्रण वापरून प्राणवायूचे प्रमाण सतत मोजावे लागते. वॉल्टर स्टार्क आणि जॉन कॅनविशर यांनी १९६८ साली इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेले यंत्र पुढे आणले, त्यापासून या दिशेने मोठी प्रगती झाली. तरीही प्राणवायू कमी पडला तर शरीर आगाऊ सूचना देत नाही. गुदमरल्याची जाणीव मुख्यतः कार्बन डाय-ऑक्साइडमुळे होते आणि तो तर शोषला गेलेला असतो. पाणबुडा नकळत शुद्ध हरपतो. त्यामुळे ही यंत्रे महाग असण्याबरोबरच कसून प्रशिक्षण व काटेकोर देखभाल मागतात.

पाणबुड्याचे कान

आवाजाचा उपद्रव केवळ माशांना होतो असे नाही. बंदरे, धरणे, पूल आणि तेलविहिरी यांच्या कामांवर हेल्मेट घालून काम करणारे पाणबुडे रोज तासन्‌तास या आवाजात असतात. ज्या हेल्मेटमध्ये हवा अखंड वाहती असते, तेथे तो ९० डेसिबलच्या वर जाऊ शकतो. जुन्या तांब्या-पितळेच्या हेल्मेटमध्ये दूरध्वनीवरील सूचना ऐकण्यासाठी पाणबुड्याला हवेचा प्रवाह क्षणभर बंद करावा लागे. सूचना नीट ऐकू न येणे हा पाण्याखाली अपघाताला निमंत्रण देणारा प्रकार आहे, आणि वर्षानुवर्षांच्या आवाजाने येणारे बहिरेपण भरून न येणारे असते.

यावर मागणीनुसार हवा देणारी हेल्मेटे, बुडबुडे चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना दूर सोडणाऱ्या मिशांसारख्या नळ्या आणि झडपांची सुधारित मांडणी, हे उपाय योजले जातात. अतिशय खोल कामांत हेलियमसारखा महागडा वायू वापरतात. तेथे उच्छ्वास नळीने पुन्हा वर घेण्याची व्यवस्था असते; त्यायोगे वायूची बचत होते आणि बुडबुड्यांचा आवाजही टळतो.

आपल्या किनाऱ्याच्या संदर्भात

महाराष्ट्रात मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील उथळ पाण्यात प्रवाळ व मासे पाहण्यासाठी पर्यटक मोठ्या संख्येने येतात आणि त्यावर किनाऱ्यावरील अनेक कुटुंबांची मिळकत अवलंबून आहे. येथे प्रत्येक पर्यटकाला पुनर्श्वसन यंत्र देणे शक्यही नाही आणि इष्टही नाही. नवशिक्याला उघडी पद्धतीच सुरक्षित होय.

तथापि, काही साध्या गोष्टी साधता येतील. एकाच जागी एकाच वेळी उतरणाऱ्यांची संख्या मर्यादित ठेवली, तर बुडबुड्यांचा एकत्रित कल्लोळ कमी होतो. संथ श्वास घेणाऱ्याची हवा कमी खर्च होते आणि आवाजही कमी होतो. म्हणून उतरण्यापूर्वी पर्यटकाचे भय घालविणारे दहा मिनिटांचे शिक्षण मोलाचे ठरते. नियामकाची वेळेवर देखभाल केली, तर गळणारी हवा व शिट्टीसारखा आवाज थांबतो. होड्यांच्या यंत्रांचा आवाज बुडबुड्यांहून कितीतरी दूर जातो. तेव्हा प्रवाळावर यंत्र चालू ठेवून थांबण्याची सवय सोडणे हे अधिक निकडीचे आहे. मासे जवळून पाहण्यासाठी श्वास रोखून धरण्याचा मोह मात्र कोणीही बाळगू नये. १० मीटरवरून वर येताना फुप्फुसातील हवा दुप्पट फुगते आणि श्वास रोखलेला असल्यास फुप्फुस फाटू शकते. श्वास कधीही रोखू नये, हा टाकी लावून उतरणाऱ्याचा पहिला नियम आहे. माशांची शांतता त्यानंतर येते.

मत्स्यगणनेच्या बाबतीतही काही दक्षता घेता येते. पाणबुड्याऐवजी आमिष लावलेला कॅमेरा तळावर ठेवून चित्रण करण्याची रीत आता अनेक देशांत प्रचारात आहे. तीत बुडबुडे नाहीत, भाल्याची भीती नाही. मात्र आमिषाकडे येणाऱ्या जातीच अधिक दिसतात, हा तिचा दोष. म्हणून दोन रीतींचे आकडे ताडून पाहणे श्रेयस्कर. राखीव क्षेत्राचा अहवाल ग्रामपंचायतीसमोर किंवा मच्छीमार सहकारी संस्थेसमोर येईल, तेव्हा मासे किती मोजले याबरोबरच ते कोणत्या साधनाने मोजले, हा प्रश्न सदस्यांनी अवश्य विचारावा. जाळे टाकणाऱ्या मच्छीमाराला त्या पाण्याची माहिती पिढ्यान्‌पिढ्यांची असते. आकडा आणि त्याचा अनुभव यांत तफावत पडत असेल, तर साधन तपासून पाहण्यास ते पुरेसे कारण आहे.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

शिक्षकांना हा विषय अगदी अल्प साहित्यात समजावून देता येईल. पाण्याने भरलेली बादली घ्यावी. एका विद्यार्थ्याने सुमारे २ सेंटिमीटर जाडीच्या रबरी नळीतून तळाशी हवा फुंकावी आणि दुसऱ्याने बादलीच्या बाजूस कान लावावा. जाड, घोगरा डबडबाट ऐकू येईल. नंतर शीतपेयाच्या बारीक नळीतून तसेच फुंकावे. स्वर चढलेला जाणवेल. शेवटी मत्स्यपेटीत वापरतात तो सच्छिद्र दगड नळीच्या टोकाला बसवून फुंकावे. खळखळाटाच्या जागी बारीक सळसळ ऐकू येईल, पण फुंकताना गालांना जोरही अधिक लावावा लागेल. बुडबुड्याचा आकार आणि स्वर यांचे नाते, तसेच शांततेसाठी श्वासाला द्यावी लागणारी किंमत, या दोन्ही गोष्टी विद्यार्थ्यांना एकाच प्रयोगात अनुभवास येतील. नळी तोंडात घेण्यापूर्वी ती स्वच्छ धुण्याची व प्रत्येकाने वेगळी वापरण्याची दक्षता घ्यावी.

माणसाला पाण्याखाली श्वास घेता येऊ लागला, हा विसाव्या शतकातील मोठा पराक्रम होता. आता त्या श्वासाचा इतरांना होणारा उपद्रव कमी करणे, हा त्याच पराक्रमाचा पुढचा टप्पा आहे. निरीक्षकाच्या चाहुलीने समोरचे वर्तन बदलते, ही गोष्ट सागरतळापुरतीच खरी नाही. शाळा तपासणाऱ्या वा गावाची पाहणी करणाऱ्या प्रत्येकाला तिचा प्रत्यय येतो. म्हणूनच पाहणाऱ्याने शक्य तितक्या शांतपणे पाहावे आणि आपल्या आवाजाचा हिशेब आकड्यात धरावा. असा हिशेब धरून केलेली नोंद निर्णयाला अधिक भक्कम आधार देते, आणि त्या निर्णयावर ज्यांची चूल अवलंबून आहे त्यांना न्यायही देते.